चढ हळू चढायचा: एन्गाडिनच्या स्की-मॅरेथॉनची तयारी

स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात इन नदीचं खोरं आहे, त्याचं नाव एन्गाडिन. दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथे दहा हजारांहून जास्त माणसं पायांत स्की बांधून ४२ किलोमीटरची शर्यत धावतात. मालोया या गावी सुरुवात होते आणि श्चान्फ या गावी शेवट. १९६९ पासून ही शर्यत चालू आहे आणि तिचं दार हौशी माणसाला सताड उघडं आहे. झुरिक किंवा म्युनिकला राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी तर ती रेल्वेच्या अंतरावर आहे. ज्यांना बर्फावर पाऊल कसं टाकायचं हेही माहीत नाही, त्यांनीसुद्धा वर्षभर आधी मनावर घेतलं तर ती नीट पुरी करता येते. ते कसं, हे क्रमाने पाहू.

आधी ही कोणत्या प्रकारची स्कीइंग आहे ते समजून घेऊ. चित्रपटांत दिसतं ते डोंगरउतारावरून सुसाट खाली येणं म्हणजे अल्पाइन स्कीइंग. आपल्या शर्यतीतलं आहे ते क्रॉस-कंट्री स्कीइंग, म्हणजे सपाटी, चढ, उतार सगळं स्वतःच्या ताकदीवर पार करायचं. स्की अरुंद आणि हलकी असते. बूट फक्त चवड्यापाशी अडकतो, टाच मोकळी राहते. दोन्ही हातांत पोल, म्हणजे लांब हलक्या काठ्या असतात.

यात दोन शैली आहेत. बर्फात यंत्राने पाडलेल्या दोन समांतर खाचांतून पाय पुढे-मागे सरकवायचे ती क्लासिक. स्की तिरकी टाकून, आतल्या कडेने बर्फ रेटत एका पायावरून दुसऱ्यावर जायचं ती स्केटिंग. एन्गाडिनला दोन्ही चालतात, पण बहुसंख्य लोक स्केटिंगच करतात, म्हणून पुढचं सगळं स्केटिंग धरून सांगतो.

आता मार्ग. मालोया सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे आणि श्चान्फ त्याच्या दीडेकशे मीटर खाली. त्यामुळे नकाशा पाहणाऱ्याला वाटतं की सगळा उतारच आहे. हा समज फार लोकांना महागात पडतो. सुरुवातीचे दहा-बारा किलोमीटर गोठलेल्या तलावांवरून जातात, अगदी सपाट. मग सेंट मॉरित्झच्या वरच्या अंगाला चढ लागतो, पाठोपाठ श्टात्सरवाल्ड नावाच्या जंगलातले चढ-उतार येतात आणि त्यातून बाहेर पडलं की पोंत्रेझिना. तिथून सामेदानच्या विमानतळाजवळचा लांबलचक सपाट पट्टा, पुढे ला पुंत, त्सुओत्स ही गावं आणि अगदी शेवटी, पाय संपत आलेले असताना, पुन्हा लहान लहान टेकाडं. एकूण चढ प्रचंड नाही. पण तो ज्या हवेत चढायचा असतो, त्या हवेमुळे सगळं गणित बदलतं.

या हवेकडे जरा निवांत पाहू, कारण तयारीचं मूळ इथेच आहे. उंचीवर ऑक्सिजन कमी असतो असं आपण म्हणतो, पण हवेतलं त्याचं प्रमाण तेवढंच, जवळपास २१ टक्के असतं. कमी होतो तो हवेचा दाब. १८०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण चार-पंचमांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनचे कण कमी येतात. सावकाश चालताना हे जाणवतही नाही. जोर लावला की जाणवतं. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याची मर्यादा या उंचीवर साधारण दहा टक्क्यांच्या आसपास खाली येते. कुणाची कमी, कुणाची जास्त.

याचा खरा फटका चढावर बसतो. आपण जोरात चढतो तेव्हा स्नायूंना लागणारी ऊर्जा ऑक्सिजनच्या पुरवठ्यापेक्षा जास्त होते. ती तूट शरीर काही वेळ उसनवारीवर भागवतं. श्वास फुलतो, मांड्या भरून येतात. पुण्यात किंवा मुंबईत माथ्यावर पोचल्यावर दोन मिनिटं हळू चाललं की ही उसनवारी बरीचशी फिटते. १८०० मीटरवर ती सावकाश फिटते, आणि फिटायच्या आत पुढचा चढ येतो. म्हणून अशा शर्यतीच्या तयारीत मी एका गोष्टीला सगळ्यात वर ठेवतो: चढ हळू चढायला शिकणं. ऐकायला सोपं वाटतं, पण शेजारून माणसं पुढे जात असताना ते करणं अवघड असतं आणि त्याचा सराव महिनोन्‌महिने करावा लागतो.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमांत क्रॉस-कंट्रीच्या मार्गाचा सर्वोच्च बिंदू १८०० मीटरच्या वर नसावा असं म्हटलं आहे. २००२ च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी अमेरिकेत युटामध्ये सोल्जर हॉलो इथे आखलेले मार्ग या मर्यादेला जवळपास टेकलेले होते. एन्गाडिनही त्याच आसपास आहे. आपलं गुलमर्ग तर सुमारे २६५० मीटरवर आहे. तिथे क्रॉस-कंट्रीचा सराव करणाऱ्या भारतीय खेळाडूंना किती विरळ हवेत काम करावं लागतं, याची यावरून कल्पना यावी.

तयारीची सुरुवात आदल्या उन्हाळ्यात करा. पहिले चार-पाच महिने फक्त पाया घालायचा: आठवड्यातून चार-पाच दिवस चालणं, धावणं, सायकल, पोहणं यांपैकी जमेल ते, आणि त्यातला बहुतेक वेळ हळू. हळू म्हणजे किती, तर सोबत्याशी पूर्ण वाक्य न तुटता बोलता येईल इतकं. नॉर्वेची मारित ब्यॉर्गेन ही हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सर्वाधिक, म्हणजे १५ पदकं मिळवलेली स्कीपटू. बहराच्या वर्षांत तिचा सराव वर्षाला ९०० तासांच्या वर जायचा आणि त्यातला बहुतांश याच हळू गतीचा असायचा. आपल्याला तेवढे तास शक्य नाहीत, पण प्रमाण तेच ठेवता येतं.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे मधल्या गतीचा सराव. ना धड हळू, ना धड जोरात. रोज थोडं दमल्याचं समाधान मिळतं, पण पाया रुंद होत नाही आणि खऱ्या जोराच्या दिवशी पायांत ताजेपणा नसतो. हळू दिवस अगदी हळू ठेवा.

पावसाळा सरला की चढ आणा. पुण्यात असाल तर सिंहगडाची पायवाट उत्तम. हातात पोल घ्या आणि चढताना नुसते टेकवू नका, मागे रेटा. उत्तर युरोपातले स्कीपटू बर्फ नसलेल्या महिन्यांत टेकड्यांवर नेमकं हेच करतात. आठवड्यातून एकदा पुढचा व्यायाम करा. चार ते सहा मिनिटांचा चढ निवडा. शेवटचं मिनिट पहिल्या मिनिटाइतक्याच गतीने जाईल अशा बेताने चढा. माथ्यावर पोचल्यावर थांबू नका, आणखी एक मिनिट त्याच लयीत पुढे जा. मग परत या. सुरुवातीला तीन वेळा, पुढे पाच-सहा वेळा.

माथ्यावर न थांबण्याचा हा नियम मला फार मोलाचा वाटतो. शर्यतीत बहुतेक लोक माथा दिसला की उरलंसुरलं सगळं लावतात आणि वर पोचून कमरेवर हात ठेवून उभे राहतात. ज्याने थोडं राखून ठेवलं, तो माथा ओलांडून दोन-चार जोरदार पावलं टाकतो आणि पुढचा सगळा उतार त्याला फुकट मिळतो. शर्यतीत जागा बदलतात त्या चढावर कमी आणि माथ्यानंतरच्या पन्नास मीटरांत जास्त.

खरी स्की पायात घालण्याआधी रोलर स्की घ्या. छोटी पट्टी, दोन टोकांना चाकं, डांबरी रस्त्यावर चालते. तोल आणि पोलची लय शिकायला याला पर्याय नाही. मात्र बहुतेक रोलर स्कींना ब्रेक नसतो. घाट चढायचा, पण उतरताना त्या काढून हातात घ्यायच्या आणि चालत खाली यायचं. हेल्मेट, कोपर आणि गुडघ्यांचे पॅड, भडक रंगाचा शर्ट, आणि रहदारी नसलेली पहाटेची वेळ. ओल्या रस्त्यावर अजिबात नाही.

दंडाचा आणि पोटाचा व्यायाम लोक विसरतात. तलावांवरच्या सपाटीत गती बरीचशी पोलमधून येते. पोल रेटताना जोर खांद्यातून येत नाही. पोटाचे स्नायू आवळून धड पुढे कोसळवलं जातं, हात फक्त तो जोर काठीपर्यंत पोचवतात. त्यासाठी पुल-अप, प्लँक आणि जोर हे पुरेसे आहेत.

नाका-तोंडावर लावायचे ‘उंचीचे मास्क’ विकले जातात, त्यांवर पैसे घालवू नका. ते श्वास घेणं कष्टाचं करतात, हवेतल्या ऑक्सिजनचा दाब कमी करत नाहीत. त्यापेक्षा निघण्याच्या दोन-तीन महिने आधी रक्त तपासून घ्या, विशेषतः हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा. उंचीवर शरीर नव्या तांबड्या पेशी बनवायला घेतं आणि त्याला लोह लागतं. आपल्याकडे, त्यातही स्त्रियांमध्ये, हा साठा बऱ्याचदा कमी असतो. गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

डिसेंबर-जानेवारीत बर्फावर जायलाच हवं, किमान आठवडाभर, शक्य असेल तर दोनदा. प्रशिक्षक लावा. स्केटिंगमध्ये सायकलसारखे गिअर असतात, म्हणजे चढ-सपाटीप्रमाणे पोल आणि पाय यांची जुळणी बदलते. चढावर दोन पावलांमागे एकदा पोल रेटायचे आणि एक हात किंचित पुढे ठेवायचा. सपाटीवर प्रत्येक पावलाला पोल. गती वाढली की पुन्हा दोन पावलांना एकदा, पण लांब घसरत. उतारावर पोल काखेत.

चढावरच्या गिअरकडे विशेष लक्ष द्या. नवखा माणूस चढावर लांब पावलं टाकायला जातो, स्की घसरत थांबते आणि प्रत्येक पाऊल शून्यापासून सुरू करावं लागतं. पावलं आखूड करा, पण लय तुटू देऊ नका. कंबर पुढे, नजर आठ-दहा मीटर वर. नजर स्कीच्या टोकांवर गेली की कंबर मागे जाते, भार टाचेवर येतो आणि मांड्या पेटतात. चढ फारच उभा असेल तर पोल घेऊन, स्की फेंगडी टाकत चालत जाण्यात काही कमीपणा नाही.

आणि उतार. हा भाग हौशी लोक सर्वात कमी गिरवतात आणि पडतात ते इथेच. या स्कीला धातूच्या कडा नसतात, टाच मोकळी असते, त्यामुळे वळणं आणि थांबणं दोन्ही शिकावं लागतं. स्कीची टोकं जवळ, शेपट्या लांब, गुडघे आत, आतल्या कडांवर भार, याला स्नोप्लाऊ म्हणतात आणि आपला ब्रेक हाच. त्याखेरीज वळणावर छोटी छोटी पावलं टाकत दिशा बदलणं शिका. सरावाच्या प्रत्येक दिवसाची शेवटची पंधरा मिनिटं फक्त उताराला द्या. श्टात्सरवाल्डच्या उतारावर झाडांना गाद्या बांधलेल्या असतात. त्या शोभेला नाहीत.

साहित्याचं थोडक्यात सांगतो. पहिल्या वर्षी स्की भाड्याने घ्या आणि दुकानात आपलं वजन खरं सांगा. स्कीला मधोमध कमान असते आणि तिचा ताठपणा वजनाप्रमाणे निवडतात. फार ताठ स्की चढावर पकड देत नाही, फार मऊ स्की बर्फाला चिकटते. स्केटिंगच्या पोलची लांबी उंचीच्या साधारण ९० टक्के, म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीला १४८ च्या आसपास. काही जण जास्त लांब पोल घेतात. सपाटीवर बरे वाटतात, पण उंचीवरच्या चढात खांदे लवकर दमतात. दोन आकड्यांत घोटाळा असेल तर आखूड घ्या.

वॅक्स म्हणजे स्कीच्या तळाला गरम इस्त्रीने लावायचं मेण. कोरड्या, थंड बर्फाचे कण टोकदार असतात, त्यांना कडक वॅक्स लागतं. ओल्या बर्फाला मऊ. मार्चमधल्या एन्गाडिनची अडचण अशी की सकाळी तलावावर कडाक्याची थंडी असते आणि दुपारी त्सुओत्सकडे बर्फ ओला झालेला असतो. जिंकणारे साधारण दीड तासाच्या आसपास पोचतात, त्यांना सकाळचाच बर्फ लागतो. आपल्याला तीन-चार तास लागणार, म्हणून थोडं दुपारचंही पाहावं. वॅक्स लावणाऱ्याला आपली अंदाजे वेळ सांगा. फ्लोरिनयुक्त वॅक्सवर आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून बंदी अमलात आणली आहे, तेव्हा जुना डबा कुणी दिला तरी घेऊ नका.

आता पोचायचं कधी? उंचीवर गेल्यावर पहिल्या काही दिवसांत रक्तातला पाण्याचा अंश कमी होतो, झोप विस्कटते, त्याच गतीला नाडी जास्त पडते. नव्या तांबड्या पेशींचा खरा फायदा मिळायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून एकतर दहा-बारा दिवस आधी जा, नाहीतर आदल्याच दिवशी. बुधवार-गुरुवारी पोचणं सगळ्यात गैरसोयीचं, आणि सुट्टीच्या हिशेबात नेमकं तेच घडतं. आधी गेलात तर पहिले तीन दिवस फक्त सावकाश फिरा. पाणी जास्त प्या, कारण कोरड्या थंड हवेत श्वासावाटे बरंच पाणी जातं आणि घाम दिसत नाही. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळा.

आदल्या संध्याकाळी नंबर घेऊन ठेवा, कपडे मांडून ठेवा. भात, बटाटा, पास्ता असं पचणारं जेवा. नवा पदार्थ त्या दिवशी चाखू नका. मालोयाला रेल्वे जात नाही. रेल्वे सेंट मॉरित्झपर्यंत, पुढे बस. त्या बसला मोठी गर्दी असते, तेव्हा वेळ राखून निघा.

सकाळी उन्हाचं मलम आणि चष्मा विसरू नका. उंचीमुळे अतिनील किरणं तीव्र असतात आणि बर्फ त्यांतली बरीचशी परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही मलम लावा. कपडे असे की उभं असताना थोडी थंडी वाजली पाहिजे. वरचं जाड जाकीट सुरुवातीआधी सामानाच्या पिशवीत टाका, ती पिशवी शेवटाच्या गावी पोचवली जाते.

सुरुवात गटागटाने होते. पहिल्या दोन किलोमीटरांत पोल मोडतात, कारण प्रत्येकाला पुढे जायचं असतं आणि स्कीखाली शेजाऱ्याची काठी येते. पोल अंगाजवळ ठेवा, पावलं अरुंद टाका, कडेने जा. मग सपाट तलाव सुरू होतो आणि हवा स्वच्छ असेल तर मालोयाकडून वारा पाठीशी मिळतो. या खोऱ्याचं ते वैशिष्ट्यच आहे, दिवसा वारा खोऱ्यातून वर यायच्या ऐवजी खाली वाहतो. बर्फ गुळगुळीत, वारा पाठीमागे, शेजारी हजारो माणसं. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात, कारण इथे काहीच कठीण वाटत नाही. घड्याळातली गती पाहू नका, श्वास ऐका. एखादं पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर गती जास्त आहे. आपल्याच गतीच्या माणसामागे लागा, हवेचा विरोध कमी होतो.

दर पंचवीस-तीस मिनिटांनी काहीतरी पोटात जाऊ द्या. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एखादं केळं आणि दोन-चार घोट गोड पेय. भूक लागायची वाट पाहू नका. उंचीवर भूक मरते, पण खर्च वाढलेला असतो. बाटली अंगरख्याच्या आत ठेवा, बाहेर गोठते.

सेंट मॉरित्झ हे १९२८ आणि १९४८ च्या हिवाळी ऑलिम्पिकचं गाव. तिथल्या जुन्या स्की-जंपच्या टेकडीकडे मार्ग वळला की पहिला खरा चढ येतो. इथे गर्दी तुंबते आणि लोक वैतागतात. खरं तर हा थांबा आपल्या फायद्याचा आहे. श्वास खाली आणा, दोन घोट घ्या, रांगेच्या गतीने चढा. फटीतून घुसून चार माणसं मागे टाकण्यात जी ताकद जाते ती सामेदानला हवी असते.

जंगलात शिरल्यावर चढ-उतार एकापाठोपाठ येतात. आता सिंहगडावर गिरवलेलं कामी येतं: आखूड पावलं, वर नजर, माथा ओलांडून थोडं पुढे. गाद्यांच्या उतारावर आधीच वेग कमी करा, पुढच्या माणसापासून अंतर ठेवा, पोलची टोकं मागे. पुढे कुणी पडलं तर त्याच्याकडे पाहू नका, रिकाम्या जागेकडे पाहा, स्की नजर असेल तिकडे जाते. आपण पडलात तर आधी कडेला सरका, मग उठा. आणि धीर नसेल तर स्की काढून कडेने चालत उतरा.

पोंत्रेझिना आलं की अर्धं अंतर झालं. आता विमानतळाजवळचा सपाट पट्टा. चढावर जोर लावलेले लोक इथे उभे राहिल्यासारखे दिसतात, कारण इथे ना उतार आहे ना विसावा. राखून चढलेला माणूस या पट्ट्यात शेकडो जणांना मागे टाकतो, तेही गती न वाढवता. बर्फ ओला होत असेल तर मळलेली वाट सोडून कडेच्या सावलीतला, कमी तुडवलेला बर्फ धरा.

त्सुओत्सनंतरची टेकाडं उंचीने किरकोळ आहेत. पण पस्तीस किलोमीटरांनंतर किरकोळ काही नसतं. प्रत्येक टेकाड वेगळं मोजा, पुढचं किती आहे ते पाहू नका. डोकं हलकं वाटलं, पावलं भरकटायला लागली, बोटं बधिर होऊन पांढरी पडली, तर मदतकेंद्रावर थांबा. मांड्या दुखणं आणि तोल जाणं यांत फरक आहे. पहिलं सहन करायचं, दुसरं नाही.

श्चान्फला रेषा ओलांडल्यावर लगेच पिशवी गाठा आणि ओले कपडे बदला. अंग पाच मिनिटांत गार पडतं आणि घशाचे आजार इथूनच सुरू होतात. कोरडी टोपी आधी घाला, मग बाकीचं. गरम सूप घ्या, अर्ध्या तासात काहीतरी प्रथिनं असलेलं खा, मग तिथल्या स्थानकावरून लाल रेल्वेने परत. आज आपल्याला लागलेल्या वेळेवरून पुढच्या वेळी कोणत्या गटात उभं राहायचं ते ठरतं. तेव्हा गाडीत बसल्या बसल्या पोंत्रेझिनापर्यंतची आणि त्यानंतरची वेळ वेगवेगळी लिहून ठेवा. दुसऱ्या अर्ध्यात उताराचा आणि वाऱ्याचा हात असूनही जास्त वेळ लागला असेल, तर येत्या उन्हाळ्यात कोणता व्यायाम वाढवायचा ते त्या दोन आकड्यांतच दिसेल.